डागडुजी केलेले घर आणि दलाल मंडळी
(आपल्या ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात शिरोळ येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या चिटणीसांनी आम्हांस बोलण्याची आज्ञा केली तेव्हा आम्ही त्यांस विनविले की, आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, पुढे अध्यापनाचे प्रशिक्षण घेऊन आयुष्य प्राथमिक शाळेत गेलेले. विद्वानांच्या पंक्तीत आम्ही काय वाढणार? त्यावर ते म्हणाले, "गुरुजी, विद्वत्तेचे राहू द्या. तुम्ही घर विकलेत ते कसे विकलेत, तेवढे सांगा. गावात निम्म्या लोकांना आज तेच हवे आहे." त्यांचे म्हणणे खरे आहे. शिरोळ, कुरुंदवाड, नृसिंहवाडी या पट्ट्यातील आपल्या कित्येक कुटुंबांची मुले नोकरीनिमित्त पुण्यामुंबईस स्थायिक झाली आहेत. वडिलोपार्जित घरे म्हाताऱ्यांच्या अंगावर पडली आहेत. ती डागडुजी करून विकावीत असे अनेकांच्या मनात येते. पण ती लोकांपुढे कशी मांडावीत, दलालांशी कसे वागावे, याची माहिती आपणांस नसते. आम्हांसही नव्हती. आम्ही चुका करून शिकलो, आणि त्यांतली एक चूक तर सांगताना आजही मान खाली जाते. ती आम्ही लपविणार नाही.

आमचे घर तीर्थरूपांनी बांधलेले. पुढे सोपा, मध्ये माजघर, मागे स्वयंपाकघर आणि परडे. भिंती पांढऱ्या मातीच्या, वर मंगलोरी कौले, सोप्याला सागवानी खांब. २००५ साली पुराचे पाणी जोत्याला लागून परत गेले. पण ऑगस्ट २०१९ चा पूर आपणांपैकी कोण विसरेल? कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट धरतात. त्या वर्षी नदी ५५ फुटांवर गेली. कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमाशी राहणाऱ्या आपल्या तालुक्याने काय भोगले ते येथे सांगावयास नको. दरवर्षी नृसिंहवाडीस दक्षिणद्वाराचा सोहळा होतो, तेव्हा महाराजांच्या चरणांवरून आलेले पाणी आपण डोळ्यांस लावतो. तेच पाणी त्या साली आमच्या सोप्यात चार फूट चढले आणि सहा दिवस राहिले. मागची एक भिंत बसली. धान्य, अंथरुणे, पुस्तके गेली. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला, तेव्हा पाणी उंबऱ्यापर्यंत येऊन थांबले.

त्यानंतर आम्ही घराची दुरुस्ती काढली. पडलेली भिंत पक्क्या विटांत घेतली. लोणा लागलेला गिलावा खरवडून काढला, भिंती उन्हाळाभर वाळू दिल्या आणि मग नवा गिलावा केला. फरशी बदलली, विजेची बटणे व तारा कमरेच्या वर घेतल्या, संडास व न्हाणीघर नवे केले, खांबांना रंधा मारून पॉलिश चढविले. निवृत्तीच्या पैशांतले ९ लाख रुपये त्यात गेले. घर असे दिसू लागले की, येणाऱ्या जाणाऱ्याने थांबून पाहावे. परंतु गुडघे थकले. पुन्हा पाणी आले तर माळ्यावर चढणे आम्हां उभयतांच्याने होणार नव्हते. म्हणून घर विकून जयसिंगपुरास, नदीपासून दूर, दोन खोल्या घ्याव्यात असे ठरले.

आता पहिली चूक ऐका. आम्ही किंमत ठरविली ती वहीवरून. घराची जुनी किंमत अमुक, त्यात दुरुस्तीचे ९ लाख मिळविले, वर थोडे कष्टाचे, आणि ३८ लाखांचा आकडा मुक्रर केला. शाळेत बेरीज शिकविणाऱ्याला बेरीज बरोबर आली याचेच समाधान! पण घेणारा आपल्या खर्चाची पावती पाहत नाही. तो पाहतो गल्लीची रुंदी, गाडी दाराशी येते की नाही, पाणी रोज येते की एक दिवसाआड, कागद निर्वेध आहेत की नाहीत, आणि आपल्या तालुक्यात विशेषेकरून पाहतो ते हे की, पूर आला तर पाणी कोठवर येते. आपण हौसेने बसविलेली संगमरवरी पाटी त्याच्या लेखी शून्य असते. दुरुस्तीचा खर्च किमतीत पुरता उतरत नाही. दुरुस्तीने घर लवकर विकले जाते आणि पडेल किमतीला मागण्याची कोणास सोय राहत नाही, इतकेच. शासनाचा वार्षिक मूल्यदर तक्ता, ज्यास लोक रेडी रेकनर म्हणतात, तो मुद्रांक शुल्काच्या आकारणीसाठी आहे. बाजारभाव त्याच्या वर किंवा खाली असू शकतो. खरा भाव समजावयाचा तर आपल्याच गल्लीत मागील दोन वर्षांत जी खरेदीखते झाली, त्यांची सूची क्रमांक २ पाहावी. ती नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर पाहता येते. आमच्या पुतण्याने घरी बसून काढून दिली.

दुसरी चूक दलालांविषयीची. आपल्या लोकांत दलाल हा शब्द उच्चारतानाच तोंड वाकडे करण्याची रीत आहे. पण विचार करा. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरास शाहूपुरीची पेठ वसविली आणि आपल्या जनक पित्याच्या नावे जयसिंगपूर उभे केले. त्या पेठा अडत्यांवाचून चालल्या काय? शेतकरी गूळ पिकवितो, पण मुंबई-गुजरातचा व्यापारी त्यास ठाऊक नसतो. तो दुवा अडत्या जोडतो. दोष असेल तर तो झाकलेल्या व्यवहारात असतो. पूर्वी बाजारात रुमालाखाली बोटे धरून भाव ठरत, आणि ज्याचा माल त्यालाच भाव कळत नसे. पुढे बाजार समित्यांनी उघड लिलाव आणला तेव्हा शेतकऱ्याला आपल्या मालाचा भाव कानांनी ऐकू आला. घराच्या दलालाचेही तेच आहे. रुमाल काढून टाका, मग तो उपयोगी माणूस आहे.

आम्ही मात्र रुमाल तसाच ठेवला. एका दलालास ३८ लाख सांगितले, दुसऱ्यास ३६, तिसऱ्यास "तुम्ही आणा गिऱ्हाईक, मग बोलू" असे सांगितले. परिणाम असा झाला की, एकच गृहस्थ तीन दलालांकडून तीन आकडे ऐकून आमच्या दाराशी आला व हसून परत गेला. ज्या घराची किंमत मालकालाच ठाऊक नाही, त्या घरात काही तरी काळेबेरे आहे असे लोक समजतात.

आता ती तिसरी गोष्ट, जी सांगण्यासाठी खरे तर आम्ही उभे राहिलो.

एका दलालाने आम्हांस सल्ला दिला की, पुराचा विषय काढू नका. घर नवे दिसते, खांबावरचा डाग रंध्याने गेला आहे. कोणी विचारलेच तर जोत्याला पाणी लागले होते एवढे म्हणा, आणि ते २००५ पुरते खोटेही नाही. आम्ही होय म्हटले नाही. पण नाहीही म्हटले नाही. चार दिवसांनी तो जे गिऱ्हाईक घेऊन आला तो आमचाच जुना विद्यार्थी निघाला. परगावी नोकरी करून तालुक्यात परतलेला, बरोबर पत्नी व दोन लहान मुले. त्याने पाया पडून घर पाहिले, ते त्याच्या मनास आले, आणि सोप्यात बसून त्याने सरळ विचारले, "गुरुजी, एकोणीसच्या पुरात पाणी कुठवर आलं होतं?"

दलालाने आमच्याकडे पाहिले. आम्ही खांबाकडे पाहिले. आणि सांगावयास लाज वाटते, आम्ही गप्प राहिलो. ज्या मुलाच्या पाटीवर आम्ही अक्षर गिरवून दिले, त्याच्या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर असून आम्ही ते दिले नाही. तेवढ्यात चहा घेऊन आलेल्या आमच्या सौभाग्यवतींनी तबक खाली ठेवले, त्या खांबापाशी गेल्या, छातीला हात लावून म्हणाल्या, "इथवर होतं बघ बाळा. सहा दिवस."

सौदा त्याच दिवशी मोडला. दलाल रागावून गेला. आम्हीही रागावलो, आणि दोन दिवस घरात बोललो नाही. तिसऱ्या दिवशी सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, "अहो, पुढल्या पुरात त्याची पोरं माळ्यावर बसली असती, तेव्हा त्यानं कुणाचं नाव घेतलं असतं?" या प्रश्नालाही आमच्यापाशी उत्तर नव्हते.

मागाहून एका वकील स्नेह्याने सांगितले की, १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्यातच असे कलम आहे : मिळकतीतील जो मोठा दोष विकणाऱ्यास ठाऊक आहे, पण घेणाऱ्यास साधारण दक्षता घेऊनही कळण्यासारखा नाही, तो विकणाऱ्याने सांगितला पाहिजे. पुराची खूण रंध्याने काढून टाकणे या कलमात बसते की नाही, याचा काथ्याकूट वकिलांनी करावा. आम्हांस आमचा निकाल सोप्यातच मिळाला होता.

असो. त्यानंतर आम्ही सर्व काम नव्याने आरंभिले. गवंड्यास बोलावून सोप्याच्या खांबावर, जेथवर पाणी आले होते तेथे, एक बारीक तांबडी रेघ ओढविली व शेजारी "ऑगस्ट २०१९" असे लिहविले. मग एका कागदावर घराची सर्व माहिती लिहून काढली. त्यात जागेची लांबी-रुंदी, बांधकामाचे क्षेत्र, रस्त्याची रुंदी, घरफाळ्याची रक्कम, नळाची वेळ, दुरुस्तीत केलेली कामे, आणि त्यांच्या खाली "न केलेली कामे" असे सदर घालून मागील पडवीची जुनी कौले व परड्याकडील गटार यांचा उल्लेख केला. किंमत एकच लिहिली : ३२ लाख. शेवटच्या ओळीत पुराचे पाणी कोणत्या साली कोठवर आले ते लिहिले. पुतण्याने सकाळच्या उजेडात सर्व दारे-खिडक्या उघडून छायाचित्रे घेतली. त्यांत खांबाचेही एक होते.

कागदपत्रांची एक वेगळी पिशवी केली. मिळकत पत्रिका, जुने खरेदीखत, घरफाळ्याच्या पावत्या, वीजबिल, दुरुस्तीची परवानगी, आणि वारसनोंदीचा फेरफार. येथे आणखी एक अडचण निघाली. तीर्थरूपांच्या पश्चात मिळकतीला आमच्या दोन्ही बहिणींची नावे लागली होती. आपल्याकडे रीत अशी की, बहिणीस साडीचोळी करावी व हक्कसोड पत्रावर सही घ्यावी. पण २००५ च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात वडिलोपार्जित मिळकतीत मुलीस मुलाइतकाच हक्क दिला आहे. शिवाय पुरात घर सावरण्यास दोघी धावून आल्या होत्या. दुरुस्तीचा खर्च वजा जाता येणाऱ्या रकमेत त्यांचा वाटा द्यावयाचा असे आम्ही ठरविले. त्या आनंदाने खरेदीखतावर सही करावयास तयार झाल्या. ज्यांच्या घरात हा प्रश्न भिजत पडला असेल त्यांनी तो गिऱ्हाईक येण्यापूर्वी सोडवावा. गिऱ्हाईक बसले असता भाऊ-बहिणींचा वाद निघाला की, ते गिऱ्हाईक पुन्हा येत नाही.

मग एका रविवारी सकाळी दहा वाजता आम्ही शिरोळ, जयसिंगपूर व कुरुंदवाड येथील सात दलालांस एकाच वेळी घरी बोलाविले. पाच आले. पोहे व चहा दिला, घर दाखविले, प्रत्येकाच्या हाती तो कागद दिला व व्हॉट्सॲपवर छायाचित्रे पाठविली. सर्वांदेखत सांगितले की, किंमत सर्वांना एकच, दलाली सर्वांना एकच, शेकडा १ आमच्याकडून. जो गिऱ्हाईक आणील व ज्याच्या हातून खरेदीखत पुरे होईल त्यास ती खरेदीखताच्या दिवशीच मिळेल. किल्ली शेजाऱ्यांकडे राहील, येण्यापूर्वी फोन करावा. खांबावरील रेघ पाहून दोघे हसले. एक म्हणाला, "गुरुजी, ही तर घर न विकण्याची जाहिरात झाली." ते दोघे पुन्हा फिरकले नाहीत. पण दलालाच्या बाजूनेही विचार करावा. त्याच्या वहीत वीस घरे असतात. तो आपला वेळ त्याच घरावर घालवितो, ज्याचा सौदा मध्येच मोडणार नाही. एकच किंमत, पुरे कागद आणि न झाकलेले दोष, या तीन गोष्टी मिळाल्या की, त्याचे निम्मे काम मालकानेच केलेले असते.

दोन महिने गेले. तीन कुटुंबे पाहून गेली. रेघेपाशी येऊन प्रत्येकजण थांबे. आमचा धीर सुटत चालला होता. तेव्हा त्या पाचांतला सर्वांत तरुण, कुरुंदवाडचा दलाल आम्हांस म्हणाला, "गुरुजी, ही रेघच मला गिऱ्हाईक शोधून देईल. जे पाण्याला भितात त्यांना मी हे घर दाखवतोच आहे, ते चुकतंय. ज्यांनी याहून जास्त पाणी बघितलंय त्यांना दाखवायला पाहिजे." आणि तो नदीकाठच्या खालच्या गल्लीतील एक कुटुंब घेऊन आला. २०१९ साली त्यांच्या दाराची चौकट पाण्याखाली होती. कुटुंबप्रमुखांनी खांबाजवळ उभे राहून रेघ पाहिली आणि पत्नीकडे वळून म्हणाले, "एवढंच?"

त्या एका शब्दात आमचे घर विकले गेले. थोडी घासाघीस होऊन २९ लाख ५० हजारांवर सौदा ठरला. खरेदी त्यांनी पत्नीच्या नावे केली, कारण स्त्रीच्या नावे घर घेतल्यास महाराष्ट्रात २०२१ पासून मुद्रांक शुल्कात शेकडा १ ची सवलत आहे. दलालास २९,५०० रुपये खरेदीखताच्या दिवशी दिले. ते देताना आमच्या मनात किंतु आला नाही. गिऱ्हाईक कोठे आहे हे आम्हांस ठाऊक नव्हते, त्यास ठाऊक होते. ती त्याची विद्या, आणि विद्येची दक्षिणा देणे हे मास्तराने तरी नाकारू नये.

आता या अनुभवातून चार गोष्टी, विशेषतः ज्येष्ठ मंडळींसाठी सांगतो.

पहिली : दलाली किती, केव्हा व कोणाकडून, हे आरंभीच कागदावर लिहून घ्यावे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने नोंदणीकृत प्रकल्पांतील सदनिका विकणाऱ्या दलालास नोंदणी सक्तीची केली आहे. आपल्या जुन्या घराचा सौदा करणारा गावातील दलाल बहुधा त्या कायद्याच्या कक्षेत येत नाही. म्हणून आपला लेखी करार हेच आपले संरक्षण.

दुसरी : दलालाच्या नावे मुखत्यारपत्र किंवा कोऱ्या कागदावर सही कधीही देऊ नये. मूळ कागद दाखवावेत, हाती द्याव्यात त्या प्रती.

तिसरी : इसार धनादेशाने अगर बँकेतून घ्यावा. स्थावराच्या व्यवहारात २० हजार रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेणे आयकराच्या कायद्याने निषिद्ध आहे. १०० रुपये व त्यावरील किमतीच्या स्थावराची विक्री नोंदलेल्या खरेदीखतावाचून पुरी होत नाही. सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दस्त दुय्यम निबंधकांपुढे मांडावा लागतो. आम्ही तर सल्ला देऊ की, सही व नोंदणी एकाच दिवशी करावी.

चौथी : पूररेषेची चौकशी आपणच आधी करावी. जलसंपदा विभागाने आखलेली निळी रेषा ही साधारणपणे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, व लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची समजतात. बांधकामावरील निर्बंध त्यांवरून ठरतात. घेणारा पुढे मजला चढवू शकेल की नाही, हा प्रश्न तो विचारणारच. त्याचे उत्तर आपल्यापाशी तयार असावे.

आणि एक विनंती आपल्या समाजातील जे तरुण हा दलालीचा धंदा करतात त्यांस. धंदा चांगला आहे. पण नदीकाठच्या गावी घर दाखवावयाचे ते रेघेसह दाखवावे. पाणी पुन्हा येणार आहे. त्या दिवशी लोकांस आपले नाव कसे आठवावे, हे आजच ठरवावयाचे असते.

तो आमचा विद्यार्थी पुढे दुसरीकडे घर घेऊन राहिला. गेल्या दिवाळीत तो मुलांना घेऊन आमच्या जयसिंगपूरच्या दोन खोल्यांत आला. पाया पडावयास तो प्रथम आमच्याकडे न येता सौभाग्यवतींकडे गेला. आम्ही ते पाहिले, आणि ते योग्यच झाले असे आमच्या मनाने तत्काळ कबूल केले.